अंबाबाईचा उजवा डोळा

अंबाबाईचा उजवा डोळा बाहेर येऊ लागला, हे करंजपाड्यात सर्वांत आधी येसूबाईच्या म्हशीच्या लक्षात आलं. निदान येसूबाईचं म्हणणं तसं होतं. सकाळी म्हशीनं दूध कमी दिलं आणि संध्याकाळी येसूबाईनं पडवीतून थोरल्या जावेकडे निरखून पाहिलं, तर डोळा मोठा. दोन गोष्टी एकाच दिवशी कळल्या की त्यांचं लग्न लावून मोकळं व्हायचं, ही येसूबाईची रीत होती. पत्रिका पाहण्याच्या भानगडीत ती कधी पडली नाही.

थोरली जाऊ म्हणजे अंबाबाई. तिचा नवरा कान्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. धाकट्या जावेचा नवीन तिनंच वाढवला, कारण येसूबाई तेव्हा आजारी असायची आणि आजारी नसली की माहेरी असायची. नवीन अंबाबाईला मोठी आय म्हणायचा. आता तो मोहोपाड्याला एका कारखान्यात लागला होता, त्याला हर्षलासारखी शहाणी बायको होती आणि आरोही नावाची तान्ही लेक होती. घर एकच. मधे भिंत, पडवी सामायिक. भिंतीच्या एका बाजूला अंबाबाई, दुसऱ्या बाजूला बाकीचं जग.

दहिवलीच्या एका लाकडाच्या कारखान्यात अंबाबाईनं अर्धं आयुष्य दारं घासली. मुंबईच्या लोकांनी कर्जतभोवती फार्महाऊसं बांधली, त्यांची सागवानी दारं हाताला लोण्यासारखी लागतात, ती अंबाबाईची कृपा. त्या दारांतून आत जायचा योग तिला कधी आला नाही. आला तो भुसा, तोही नाकातून.

उजवी नाकपुडी गेल्या पावसाळ्यापासून बंद होती. अधूनमधून रक्त यायचं. उन्हाळ्यात गावात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजतात, त्या धुरानं असं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पावसाळ्यात सुरू झालेलं दुखणं लोकांनी उन्हाळ्याच्या खात्यावर टाकलं. मग वरची दाढ हलू लागली. दाताच्या डॉक्टरनं ती काढली. दाढ चांगली निघाली, दुखणं जागेवर राहिलं. मग एकाचे दोन दिसू लागले. डोळ्याच्या डॉक्टरनं चष्मा दिला. आता दोन्ही स्पष्ट दिसू लागले. दोन म्हशी, दोन विहिरी, दोन येसूबाया. त्या आजाराच्या सगळ्या लक्षणांत हे शेवटचं सर्वांत क्रूर होतं.

आणि मग आला मिरच्यांचा दिवस.

आरोहीला ताप आला होता. आदल्या दिवशी अंगणवाडीत तिला डोस दिला होता, आणि डोसानं ताप येईल असं तिथल्या बाईंनी दोनदा बजावलंही होतं. पण डोसाला दोष द्यायचा तर त्यात भांडायला माणूस मिळत नाही. येसूबाईनं मूठभर मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या, पोरीवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. घरातली सगळी माणसं गोळा झाली होती. अंबाबाईही भिंतीपलीकडून आली होती.

या बाबतीतलं शास्त्र असं आहे की मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच, आणि नाही लागला तर जबर होती. आता ठसका असा लागला की भिवाजी, म्हणजे येसूबाईचा नवरा, खोकत खोकत अंगणात गेला आणि तिथं कुत्र्यालाही खोकताना बघून आला. हर्षलानं पोरगी पदराखाली घेऊन बाहेर धाव घेतली. नवीनचे डोळे गळायला लागले. शास्त्राप्रमाणे प्रकरण तिथंच मिटायला हवं होतं.

पण अंबाबाई चुलीशेजारी शांत बसली होती. तिला काहीच झालं नव्हतं.

"बाय," येसूबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "तुला कसा नाय लागला गं ठसका?"

"नाक बंद हाय माजं."

"आमालाबी नाकं हायत. आमाला लागला."

"मग? तुमची उघडी असतील."

येसूबाईनं जावेच्या फुगलेल्या डोळ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे, मग पुन्हा डोळ्याकडे. लग्न लागलं.

"आपलीच नजर आपल्याला कशी लागंल?" ती हळूच म्हणाली. पण हळूच म्हणजे येसूबाईच्या हिशोबानं. विहिरीवरच्या बायकांना ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवसापासून आरोहीचा पाळणा आतल्या खोलीत गेला. अंबाबाई पडवीत आली की दार लोटलं जायचं. वाटेत बायका भाजीच्या टोपल्या पदराखाली घ्यायच्या. ज्या नवीनला तिनं खांद्यावर बसवून खालापूरच्या बाजारात नेलं होतं, त्याच्या लेकीचं तोंड तिला दाराच्या फटीतून बघावं लागलं. तेही दोन-दोन दिसायचं आणि त्यातलं एकही हाताला लागायचं नाही.

नवीन आईशी भांडला. पण भांडून तो कामाला जायचा आणि येसूबाई घरी राहायची. या लढाईचा निकाल नेहमी असाच लागतो.

श्रावण लागता लागता डोळा इतका पुढे आला की पापणी मिटेना. तेव्हा नवीननं रजा घेतली आणि मोठ्या आयला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या, नाकातून तुकडा काढला, आणि मग एका डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. बाई वयानं लहान होत्या, पण बोलताना समोरच्याकडे बघायच्या. डॉक्टरांत हे क्वचित आढळतं.

"आजी, नाकाच्या बाजूला, गालाच्या आणि डोळ्याच्या मधल्या हाडांत पोकळ्या असतात," त्या म्हणाल्या. "तिथं कॅन्सर झालाय. हा फार क्वचित होतो. लाखात एखाद्याला."

"लाखात एक," अंबाबाई म्हणाली. "असं मला लग्नात कुनी म्हनलं नव्हतं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण हसू आवरल्याचं दिसलं. "तिथं जागा रिकामी असते. म्हणून बराच वाढेपर्यंत तो गुपचूप राहतो. मग नाक चोंदतं, दात हलतो, आणि शेवटी तो डोळ्याला बाहेर ढकलतो. लाकडाच्या भुशात फार वर्षं काम केलेल्यांना होऊ शकतो. तुमचा त्यामुळेच झाला का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. बरं, वास येतो का तुम्हाला?"

"नाय."

"कधीपासून?"

अंबाबाईनं सांगितलं. मिरच्यांचं सांगितलं, ठसक्याचं सांगितलं, कुत्र्याचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं पेन मधेच थांबलं.

"तुम्ही तेव्हाच आला असतात तर," त्या म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत.

अंबाबाईला पुढचं कळलं. त्या घरात तेव्हा तिच्याखेरीज चार मोठी माणसं होती. तू काय केलंस, हे सगळ्यांच्या तोंडावर होतं. तुला काय झालंय, एवढं एकानं जरी विचारलं असतं तरी हा डोळा जागेवर असता. येताना ती टेंपोत बाहेर बघत बसली. नवीनला वाटलं, घाबरली. ती घाबरलेली होतीच. पण त्याहून जास्त ती मोजमाप घेत होती, दार घासायला घेण्याआधी घ्यायची तसं.

तरीही तिनं येसूबाईला एक संधी दिली, असं म्हणावं लागेल. नवीननं घरी सगळं नीट समजावलं. गाठीनं नाक बंद होतं, म्हणून ठसका लागला नाही. आई, त्यात नजरबिजर काही नव्हतं.

येसूबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर पश्चात्तापासारखं काहीतरी येऊ लागलं होतं, ते मधेच वळलं आणि अभिमान झालं.

"म्हंजे मिरच्यांनी बरोबर दावलं की रं!" ती म्हणाली. "मुंबईच्या डॉक्टरांच्या आदी मी वळखलं! बाय, मी म्हनलं नव्हतं, तुज्यात कायतरी हाय म्हनून?"

आठवडा उलटायच्या आत सगळ्या करंजपाड्यात झालं की कॅन्सर येसूबाईनं पकडला. लोक तिच्याकडे पोरं दाखवायला आणू लागले.

अंबाबाईनं त्या दिवशी ठरवलं. माझ्या डोळ्यात जोर आहे म्हणता ना? मग जोर बघा.

डॉक्टरांनी आधी सलाइनमधून औषध द्यायचं ठरवलं होतं. गाठ आकसली तर डोळा वाचवायला बघू, नाही आकसली तर सांगता येत नाही. त्या औषधांच्या मधल्या दिवसांत अंबाबाई गावी असायची. केस गेलेले, भुवया गेलेल्या, डोळा पुढे. तिच्यापुढे बुजगावणंही सोज्वळ दिसलं असतं. आणि ती बाई सकाळी उठून पडवीत बसायची आणि कौतुक करायची.

फक्त कौतुक. एक वाईट शब्द नाही, शिवी नाही, शाप नाही. आपल्याकडे शाप दिला तर उलटा शाप देता येतो. कौतुकावर मात्र अजून औषध निघालेलं नाही.

"येसू, म्हैस काय झ्याक दिसते गं! कशी तुकतुकीत!"

येसूबाईचा हात धारेवरच थांबला. तिनं त्याच दिवशी म्हैस आतल्या गोठ्यात घातली, दाराला घोंगडी लावली आणि तिचं चरायला जाणं बंद केलं. अंधारात, उकाड्यात, हिरव्या गवताविना म्हैस काय देणार? चार दिवसांत दूध निम्म्यावर आलं.

"बघा!" येसूबाई गावाला म्हणाली.

"बगा की," अंबाबाई स्वतःशी म्हणाली.

मग दुधीचा वेल. परसात मांडवावर कळ्याच कळ्या होत्या. "यंदा दुधी खाऊन कंटाळाल गं तुमी," अंबाबाई कुंपणावरून म्हणाली. येसूबाईनं मांडवावर जुनी लुगडी पसरली. माशा फुलांपर्यंत पोचल्या नाहीत, कोवळे दुधी बोटाएवढे झाले आणि गळले.

मग फ्रीज. नवीननं हप्त्यानं घेतलेला, लाल रंगाचा, येसूबाईच्या जिवाचा तुकडा. "पानी काय थंडगार होतं गं त्यात! घशाला सुख." झालं. येसूबाईनं फ्रीजला गोधडी पांघरली. पुढून पांघरली, मागून पांघरली, फ्रीजला थंडी वाजत असल्यासारखी. मागून गरम हवा निघायला वाट राहिली नाही. गौरीच्या सणाला फ्रीज गेला. दुरुस्तीवाल्यानं गोधडी काढून बघितलं आणि विचारलं, "आजारी होता काय?"

भिवाजीला यातलं थोडं थोडं कळत होतं. तो शहाणा माणूस होता, म्हणजे बायकोपुढे बोलत नसे. एकदा तो शेतावरून येताना अंबाबाईपाशी थांबला.

"वयनी, भाताचं कायतरी बोलू नका बरं."

"कशाला बोलू? तुमी मला येकदा तरी इचारलं व्हतं, दुखतंय का म्हनून."

"कवा इचारलं?"

"नाय इचारलं. पन इचारनार व्हता, आसं तोंडावर दिसत व्हतं. म्हनून भात सोडला."

भिवाजी मान खाली घालून गेला. ही शिक्षा फ्रीजपेक्षा जड होती.

नवीन एकदा चिडलाच. "मोठी आय, पुरं कर आता. आई रडते."

"दोन्ही डोळ्यांनी रडते ना? मग बरी हाय."

एक गोष्ट मात्र गावात कुणाच्या ध्यानात आली नाही, फक्त येसूबाईच्या आली. अंबाबाईनं सगळ्याचं कौतुक केलं, आरोहीचं कधी नाही. पोरगी रांगायला लागली, दोन दात आले, फटीतून तिच्याकडे बघून खिदळली, तरी अंबाबाईच्या तोंडातून शब्द नाही. ती तोंड फिरवायची. तिचा स्वतःचा नजरेवर काडीचा विश्वास नव्हता, पण उगाच परीक्षा कशाला, असं तिला वाटायचं. माणूस शहाणं असलं तरी एक खोली अडाणीपणाला ठेवावी लागते.

दसऱ्याच्या सुमाराला ऑपरेशन ठरलं. गाठ थोडी आकसली होती, पण हवी तेवढी नाही.

"डोळा वाचेल की नाही, ते आत गेल्यावरच कळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठ डोळ्याभोवतीचा पडदा ओलांडून आत घुसली असेल तर डोळा काढावा लागेल. ठेवला तर तुम्ही राहणार नाही."

"काडलेल्या डोळ्याचं काय करता?"

"तपासायला पाठवतो."

"मग नीट तपासा म्हनावं. लई कामाचा हाय. त्यानं एक म्हैस, एक येल आन् एक फ्रीज खाल्लाय."

आत नेताना मात्र तिनं नवीनचा हात सोडला नाही. दोन नवीन दिसत होते. कुठल्याचा हात धरलाय हे तिला नीट कळत नव्हतं, म्हणून तिनं घट्ट धरला.

शुद्धीवर आल्यावर एकच नवीन दिसला. तिला कळलं.

"गाठ सगळी निघाली म्हणतात," नवीन म्हणाला. "कडेनं सगळं साफ आहे."

"आन् डोळा?"

नवीन खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीची भिंत होती.

अंबाबाईनं हात वर नेला, पट्टीवरून फिरवला आणि खाली ठेवला. तिला रडायचं होतं, पण रडायला लागणारं निम्मं सामान गेलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यानं रडणं तिला कंजूषपणाचं वाटलं. ती भिंतीकडे कूस करून पडून राहिली. नवीन तिथंच बसला. त्यानं कुणाला फोन केला नाही, कारण तिनं नंतर एवढंच सांगितलं, "घरी कायबी सांगू नको. माजं मी सांगंन."

मग शेक झाला, म्हणजे मशीनचे किरण. तेवढ्यापुरती ती हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत राहिली. पौष सरता सरता ती गावात परतली तेव्हा उजव्या बाजूला काळी कापडी पट्टी होती, दोरी कानामागून गेलेली. पट्टीखाली काय आहे हे करंजपाड्यात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातलं एक नवीन होतं.

गाव मात्र गृहीत धरून बसलं होतं. कॅन्सर होता, मुंबई होती, पट्टी होती. काढला असणार. येसूबाईनं म्हैस बाहेर काढली, लुगडी धुऊन वाळत घातली, नवा फ्रीज मागवला आणि माघात आरोहीचा पहिला वाढदिवस जोरात करायचं ठरवलं. ती स्वतः भिंतीपलीकडे आमंत्रण द्यायला आली. पहिल्यांदाच.

"बाय, तू यायचंस बरं का. तुजीच नात हाय."

"माजी? कवापासून?"

"आता काय त्याचं," येसूबाई लाडात म्हणाली.

वाढदिवसाला अंगणात मांडव होता, फुगे होते, मोहोपाड्याहून आणलेला केक होता. सगळं गाव होतं. अंबाबाई नवं लुगडं नेसून आली. येसूबाई पुढे झाली. तिच्या कडेवर आरोही होती, फ्रिलचा झगा, डोळ्यांत काजळ, गालावर तीट. पोरीनं पट्टीकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

येसूबाईनं पोरगी पुढे केली. अगदी हाताशी आणली आणि तिथं थांबवली.

"बाय, एक इचारते. राग नको मानू. काडला ना गं डोळा?"

मांडवात सगळ्यांच्या माना वळल्या. फुगे फुगवणाऱ्याचा फुगाही तोंडातच राहिला.

अंबाबाईला सौदा दिसला. काढला, एवढा एक शब्द बोलायचा, मान खाली घालायची आणि पोरगी मांडीवर घ्यायची. डोळा गेल्याचा आनंद सगळ्या गावानं करायचा, तिनं त्यात केक खायचा. म्हणजे मिरच्या खऱ्या ठरल्या, म्हैस खरी ठरली, येसूबाई खरी ठरली. आणि खोटी कोण? तर जी आत गेली आणि अर्धी परत आली, ती.

पोरीचे हात पुढेच होते.

"कोन म्हनतं काडला?" अंबाबाई म्हणाली.

येसूबाईनं पोरगी मागे ओढली.

"हाय की. जागच्या जागी हाय. डॉक्टरनीनं झाकून ठिवलाय."

"झाकून? का?"

"जोर लई हाय म्हनून. हास्पिटलात दोन मशनी बंद पाडल्या त्यानं. आता शेक घेतल्यावर तर इचारू नको." ती शांतपणे मांडवाकडे, म्हशीकडे, नव्या फ्रीजच्या खोक्याकडे बघत म्हणाली, "किती छान केलंस गं सगळं."

कुणीतरी केक पदराखाली घेतला.

"मग आता?" येसूबाईनं पोरगी छातीशी धरून विचारलं.

"डॉक्टरनीनं उपाव सांगितलाय. रोज सांजच्याला लेकरू मांडीवर पायजे. ज्या घरचं लेकरू मांडीवर, त्या घरावर नजर जात नाय. पन लेकरू आनून द्यायचं ते ज्याच्या तोंडातनं पयल्यांदा नजरेचं नाव निघालं त्यानंच. दुसऱ्यानं आनलं तर उलटं व्हतं." ती वळली. "काय रं नवीन? तुज्यासमोरच बोलल्या ना बाई?"

सगळं गाव नवीनकडे बघू लागलं. नवीननं आईकडे पाहिलं, मग त्या काळ्या पट्टीकडे. त्याला हॉस्पिटलची भिंत आठवली असावी.

"बोलल्या," तो म्हणाला. "मराठीतच बोलल्या."

तेव्हापासून रोज संध्याकाळी येसूबाई भिंत वळसा घालून येते, पोरगी देते आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून राहते, अंबाबाई जा म्हणेपर्यंत. पाऊस असो, पाहुणे असोत, गुडघे दुखोत. एकदा ती उशिरा आली, तेव्हा अंबाबाईनं फक्त एवढंच विचारलं, "नवा फ्रीज कसा हाय?" पुन्हा उशीर झाला नाही. काही बायका आपापली पोरंही घेऊन येतात. अंबाबाई त्यांना रांगेत बसवते.

आरोहीला त्या पट्टीचं भारी आकर्षण. परवा अंबाबाईनं येसूबाईकडे पाठ केली आणि पोरीला पट्टी उचलू दिली. पोरीनं आत वाकून पाहिलं, नीट, कुठलीही घाई न करता. मग अंबाबाईच्या तोंडाकडे पाहून ती हसली आणि पट्टी सोडून दिली.

"काय बगते गं ती?" पायरीवरून येसूबाईनं घाबरून विचारलं.

"डोळा," अंबाबाई म्हणाली.

पोरगी अजून बोलत नव्हती. अंबाबाईच्या हिशोबानं, निदान वर्षभर तरी काळजी नव्हती.